गोळीचं नाव नक्की कोणतं? औषधांची नावं, लेबलं आणि नियम

सावनी_क
थेट प्रश्न विचारते. औषधाच्या पाकिटावर सगळ्यात ठळक काय दिसावं, कंपनीनं ठेवलेलं नाव की आतल्या औषधाचं?

माझं मत आतल्या औषधाचं, आणि नियमही तेच सांगतो. मार्च २०१८ मध्ये औषधं व सौंदर्यप्रसाधनं नियमावलीत दुरुस्ती झाली आणि १३ सप्टेंबर २०१८ पासून ती लागू आहे. औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा निदान दोन फाँट मोठं छापायचं. जीवनसत्त्वांची मिश्रणं आणि तीन किंवा जास्त औषधं एकत्र असलेल्या गोळ्या तेवढ्या या अटीतून वगळल्या आहेत.

आता घरातली पाकिटं काढून बघा. मूळ नाव मोठं आहे, नाही असं नाही. पण ते चंदेरी फॉइलवर बारीक रेघांच्या अक्षरात असतं, आणि ब्रँडचं नाव जाड, रंगीत. साठीच्या पुढच्या माणसाला दिव्याखाली पाकीट वाकडंतिकडं केल्याशिवाय वाचता येत नाही.

हे का विचारतेय तेही सांगते. सासऱ्यांना बीपीसाठी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिलेलं आहे. मध्ये हर्नियाचं ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलात झालं. डिस्चार्जच्या कागदावर वेगळ्याच नावाची गोळी होती. घरी आल्यावर दोन्ही चालू राहिल्या. उठून उभं राहिलं की चक्कर, एकदा न्हाणीघरात पडता पडता वाचले. शेजारची मुलगी डी.फार्म करते, तिनं दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की आत औषध एकच. डॉक्टरांच्या, सिस्टरच्या, मेडिकलवाल्याच्या अशा सगळ्यांच्या हातून ती पाकिटं गेली होती.

तर मला हे जाणून घ्यायचंय: ब्रँडची नावं हवीतच कशाला? असलीच तर दोन नावं एकमेकांसारखी नाहीत हे कोण तपासतं? आणि हे सगळं फक्त इंग्रजीतच का?

---

कोकणकन्या
अगदी अगदी! आमच्या आईकडे गोळ्यांना नावंच नाहीत. "सकाळची गुलाबी, दुपारची चपटी, रात्रीची अर्धी."

---

मिरजेचा_मेडिकलवाला
सावनीताई, काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगतो.

ब्रँड बदलून द्यायचा अधिकार आम्हाला नाही. त्याच नियमावलीतल्या नियम ६५ मधलं ११अ कलम बघा. परिशिष्ट एच किंवा एक्समधलं (या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या याद्या) औषध चिठ्ठीवर असेल तर त्याच्या बदली दुसरं काही द्यायचं नाही, आत तेच औषध असलं तरी नाही. लोक म्हणतात, "स्वस्तातलं द्या की हो." चिठ्ठीवर ब्रँडचंच नाव असेल तर कायद्यानं मला देता येत नाही. चिठ्ठीवर मूळ नाव असेल तरच मी दोन-तीन कंपन्यांचं दाखवू शकतो.

दुसरं, सारख्या नावांचं. आता निम्म्या चिठ्ठ्या मोबाईलवर फोटो होऊन येतात. फोटो हललेला, अक्षर डॉक्टरचं, त्यात एक अक्षर इकडचं तिकडं झालं की गोळी थायरॉइडची का पित्ताची, सांगता येत नाही. मी अशा वेळी एकच करतो, विचारतो की कशासाठी दिलंय. पेशंट म्हणाला "पोट साफ होत नाही म्हणून" आणि मला वाचताना रक्त पातळ करायची गोळी दिसत असली, तर सरळ डॉक्टरला फोन. त्यापायी गिऱ्हाईक खोळंबतं, चिडतं, चिडू दे.

तिसरं, रंग. कोकणकन्या म्हणतात ते रोजचं आहे. कंपनीनं पाकिटाचा रंग बदलला की म्हातारी माणसं परत येतात, "ही आमची गोळी नव्हं." शेजारी बसवून जुनं पाकीट आणि नवं पाकीट वाचून दाखवावं लागतं.

---

वऱ्हाडी_ठेचा
मिरजवाले भाऊ, तुमच्यासारखे मेडिकलवाले आमच्याइकडे पाठवा ना बाप्पा. आमच्या गावात "डोकं दुखते" म्हटलं की बरणीतून दोन सुट्या गोळ्या कागदात बांधून देतात. नाव नाही, तारीख नाही. लेबल कोणत्या भाषेत पायजे हा प्रश्नच येत नाही, लेबलच नाही.

---

वकीलबाई
सावनी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, पण तोच प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे.

नाव दोन दारांतून जातं. ट्रेडमार्कची नोंदणी एका खात्याकडे, औषध बनवायचा परवाना दुसऱ्याकडे. परवाना देतं राज्याचं औषध प्रशासन, म्हणजे महाराष्ट्रात एफडीए, हिमाचलात हिमाचलचं, गुजरातेत गुजरातचं. नालागढजवळच्या कारखान्याला परवाना मिळताना तसंच नाव ठाण्यातल्या कारखान्याकडे आहे का, हे परवाना देणाऱ्याला आपोआप समजेल अशी सोय नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाचा २६ मार्च २००१ चा कॅडिला हेल्थ केअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स हा निकाल या विषयात पायाचा मानतात. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब अशी दोन नावं होती. दोन्ही फाल्सिपेरम मलेरियावरची, पण एकात आर्टेस्युनेट आणि दुसऱ्यात मेफ्लोक्विन. कंपनीचा बचाव असा की ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि हॉस्पिटलांतच जातात, तिथं जाणकार माणसं असतात, घोळ होणार नाही. न्यायालयानं ते मानलं नाही. डॉक्टर-फार्मासिस्टही चुकतात, चिठ्ठ्या वाचता येत नाहीत, फोनवरून औषधं सांगितली जातात, आपल्याकडे इंग्रजी न वाचणारी माणसं फार आहेत, म्हणून औषधांच्या नावांना इतर मालापेक्षा कडक कसोटी लावा, असं सांगितलं. आणि परवाना देताना ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध-अहवाल मागवावा, अशी सूचनाही केली.

त्यानंतर थेट नोव्हेंबर २०१९ मध्ये नियम आला. आता उत्पादकाला फॉर्म ५१ मध्ये लिहून द्यावं लागतं की माझ्या माहितीप्रमाणे हे ब्रँडनाव बाजारात नाही आणि त्यानं गोंधळ होणार नाही. म्हणजे तपासणी करणारा कोण, तर अर्जदार स्वतः. मला हे पुरेसं वाटत नाही. अठरा वर्षं थांबून हमीपत्र हातात आलं.

---

निशिगंधा
वकीलबाई, माहितीपूर्ण प्रतिसाद. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या भांडतात तेव्हाच हे कोर्टात जातं ना? पेशंट स्वतः कुठं जाणार?

---

वकीलबाई
निशिगंधा, बरोबर ओळखलंत. असे बहुतेक खटले ट्रेडमार्कचे असतात, त्यात पेशंट पक्षकारच नसतो. पेशंटसाठी ग्राहक आयोग आहे, पण तिथं इजा आधी व्हावी लागते.

---

नाशिकचा_फिजिशियन
वरचे प्रतिसाद वाचले. बहुतेक मान्य, पण ब्रँड नकोतच या म्हणण्याला माझा विरोध आहे आणि तो कंपन्यांच्या प्रेमापोटी नाही.

चिठ्ठीवर मी फक्त मूळ नाव लिहिलं तर कोणत्या कंपनीची गोळी द्यायची हे दुकानात ठरतं. मिरजकरांसारखे दुकानदार असतील तर प्रश्न नाही. पण जिथं काउंटरवर फार्मासिस्टच हजर नसतो तिथं जिच्यात नफा जास्त ती गोळी दिली जाते. फेनिटॉइन (आकडीचं), थायरॉक्सिन (थायरॉइडचं), वॉरफॅरिन (रक्त पातळ करायचं) अशी काही औषधं आहेत की ज्यांत थोडा फरकही पेशंटला जाणवतो. आकडीचा पेशंट एका कंपनीच्या गोळीवर स्थिर असेल तर मी ती दर महिन्याला बदलू देणार नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं जेनेरिक, म्हणजे मूळ, नावानं लिहिणं बंधनकारक करणारे नियम जारी केले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. तेव्हा डॉक्टरांवर खूप टीका झाली. पण जी गोळी त्याच नावानं बाजारात आहे ती शरीरात तितकीच उतरते याची खात्री सरकारनं आधी द्यायला हवी. २०१७ मध्ये काही गटांतल्या औषधांना परवान्यासाठी जैव-समतुल्यतेची, म्हणजे गोळी शरीरात तितकीच उतरते का याची, चाचणी सक्तीची केली. चांगलंच केलं. त्याआधी परवाने मिळालेल्या गोळ्या मात्र आजही दुकानात आहेत.

सावनीताईंच्या सासऱ्यांच्या बाबतीत जे झालं त्यावर उपाय डिस्चार्जच्या कागदात आहे. ब्रँड लिहा, पण शेजारी मूळ नाव लिहाच. मी माझ्या प्रत्येक चिठ्ठीवर दोन्ही लिहितो, मोठ्या छापील अक्षरात. २०१६ पासून तसं नियमातही आहे, ठसठशीत आणि शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहा म्हणून.

---

आप्पा_सातारकर
डॉक्टरसाहेब, आपल्याबद्दल आदर राखून विचारतो. दर्जाची हमी ब्रँडनं द्यायची की सरकारनं? पाकीट उलटून बघा, "उत्पादक" एक आणि "विक्रेता" दुसराच असतो. मोठ्या नावाच्या कंपनीची गोळी हिमाचलातल्या बद्दी नाहीतर सिक्कीममधल्या कुणा तिसऱ्याच्या कारखान्यात तयार झालेली असते, आणि तोच कारखाना आणखी चार नावांनी तीच गोळी देतो. मग मी जादा पैसे कशाचे मोजले?

आता जुनी गोष्ट. १९७५ साली औषध उद्योगावरच्या जयसुखलाल हाथी यांच्या समितीनं अहवाल दिला होता. ब्रँडची नावं टप्प्याटप्प्यानं काढून टाका, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. १९८१ मध्ये सरकारनं पाच औषधांपुरती सुरुवात केली: अॅनाल्जिन, अॅस्पिरिन, क्लोरप्रोमॅझिन, फेरस सल्फेट आणि पायपरॅझिन. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि ती अधिसूचना टिकली नाही. त्या वेळी ती पाच औषधं टिकली असती तर आज आपण हा धागा काढला नसता.

---

नाशिकचा_फिजिशियन
आप्पा, दर्जा सरकारनंच बघायचा, यावर आपलं एकमत आहे. ते होईपर्यंत समोरच्या पेशंटला काय लिहून देऊ, एवढाच माझा प्रश्न. आणि विक्रेत्या कंपनीचं म्हणाल तर मार्च २०२१ पासून दर्जाची जबाबदारी तिच्यावरही आहे, फक्त उत्पादकावर ढकलता येत नाही.

---

ऑस्टिनकर
नावांच्या तपासणीवर इकडचा अनुभव. अमेरिकेच्या स्वतःच्या एफडीएमध्ये औषधांच्या चुका टाळण्यासाठी वेगळा विभाग आहे. कंपनीनं सुचवलेलं नाव तिथं संगणकावर आधीच्या सगळ्या नावांशी ताडून बघतात, दिसायला आणि ऐकायला. तरीही निसटतं. पण निसटलं तर नाव बदलायला लावतात. आम्लपित्ताचं लोसेक आणि पाणी काढायचं लेसिक्स यांत घोळ व्हायला लागला म्हणून १९९० मध्ये लोसेकचं प्रायलोसेक झालं. २०१० मध्ये कॅपिडेक्सचं डेक्सिलँट झालं. २०१६ मध्ये नैराश्यावरचं ब्रिंटेलिक्स रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या ब्रिलिंटाशी गोंधळायला लागलं म्हणून ट्रिंटेलिक्स झालं. औषध बाजारात असताना, जाहिराती होऊन गेल्यावर!

अवांतर, पण इकडे आई-वडिलांना आणणाऱ्यांनी नीट वाचा. पॅरासिटामॉल इथं त्या नावानं ओळखतच नाहीत, इथं ते असेटामिनोफेन. दम्याच्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. बाबा भारतातून आणलेली तापाची गोळी घेतात, वर सून इथलं सर्दीचं सिरप देते आणि रात्री झोप येण्यासाठी तिसरी गोळी. तिन्हीत पॅरासिटामॉल असू शकतं. ते जास्त झालं की यकृताला त्रास होतो. औषधांची यादी मूळ नावांनी, मिलिग्रॅमसकट, टाइप करून पासपोर्टबरोबर ठेवा.

---

कोकणकन्या
ऑस्टिनकर, ही यादी आजच करते. भाऊ जूनमध्ये न्यू जर्सीला नेतोय आईला. यादीत "सकाळची गुलाबी" असंही कंसात लिहू का, तिच्यासाठी?

---

ऑस्टिनकर
लिहा की. पण इथं रिफिल घेतलं तर गुलाबीची पांढरी होईल, हे तिला आधीच सांगून ठेवा. त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी आली की बाटलीवर तशी चिठ्ठी लावतात, पण ती इंग्रजीत.

---

परिचारिका_मेघा
बरेच जण पाकिटावरच्या लाल रेघेबद्दल विचारतात म्हणून लिहिते, इथं कुणी विचारलं नसलं तरी.

लाल उभी रेघ म्हणजे हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. २०१६ पासून अँटिबायोटिकसाठी याचा प्रचारही झाला. "आरएक्स" म्हणजे परिशिष्ट एच. "एनआरएक्स" असेल तर अंमली किंवा मनावर परिणाम करणाऱ्या गटातलं. "एक्सआरएक्स" म्हणजे परिशिष्ट एक्स, सगळ्यात कडक. लाल चौकटीत इशारा असेल तर एच-१. ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली, तेव्हा तीत ४६ औषधं होती. वरच्या पिढीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, काही झोपेच्या गोळ्या. त्या विकताना दुकानदारानं पेशंट आणि डॉक्टर दोघांचीही नावं वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं ठेवायची.

वॉर्डात मी रोज बघते. नातेवाईक पिशवी उलटी करतात, त्यात अर्धवट संपलेली अँटिबायोटिकची तीन-तीन पाकिटं. "ताप आला की हीच देतो." प्रत्येकावर लाल रेघ. ती रेघ काय सांगते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. शाळेत वाहतुकीचा लाल दिवा शिकवतात तशी ही रेघ शिकवायला हवी.

---

मिरजेचा_मेडिकलवाला
मेघाताई, वहीचं खरं आहे. एफडीएचे निरीक्षक आले की पहिल्यांदा एच-१ चीच वही मागतात.

---

अंतर्नाद
मी अंशतः दृष्टिहीन आहे. स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. अक्षरं दोन फाँट मोठी झाली काय आणि चार झाली काय, मला सारखंच. मी पाकिटांना रबर बँड लावतो. एक रबर सकाळ, दोन रबर रात्र. बायको माहेरी गेली की हाच आधार. ब्रेल आपल्याकडे औषधाच्या पाकिटावर कुठं सापडतं का? मला तरी सापडलेलं नाही.

---

लीड्सकर
अंतर्नाद, इथं खोक्यावर ब्रेलमध्ये औषधाचं नाव असतंच. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानं ते सक्तीचं झालं आणि ब्रिटन बाहेर पडल्यावरही चालू आहे. माहितीपत्रकही अंधांसाठी योग्य स्वरूपात मागता येतं. शिवाय फार्मासिस्ट प्रत्येक खोक्यावर वेगळी चिठ्ठी चिकटवतो: पेशंटचं नाव, किती गोळ्या, केव्हा, जेवणाआधी की नंतर. आमच्या काकूंना इंग्रजी जेमतेम येतं, पण स्वतःचं नाव वाचता येतं. त्यामुळे काकांची गोळी चुकून त्यांच्या हातात जात नाही.

---

अंतर्नाद
धन्यवाद. फक्त नाव आणि एक्स्पायरी, एवढं जरी उठावात मिळालं तरी मी बायकोला फोन करून विचारायचा थांबेन.

---

हरणखुरी
एक्स्पायरीवरून आठवलं. पाकिटावर ०८/२०२६ लिहिलं असेल तर १ ऑगस्टला टाकायचं की ३१ ला? घरात यावरून वाद आहे.

---

मिरजेचा_मेडिकलवाला
३१ ऑगस्टपर्यंत चालतं. महिना आणि वर्ष दिलं असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा, नियमातच आहे.

आणि एक्स्पायरीचंच दुसरं दुखणं: दहाच्या पाकिटातून चार गोळ्या कापून मागतात. बॅच नंबर आणि तारीख एकाच टोकाला छापलेली. मी छापील टोक शेवटपर्यंत राखतो आणि दुसऱ्या बाजूनं कापतो. पण शेवटचं टोक घेऊन जाणाऱ्यालाच तारीख मिळते, आधीच्यांना मिळत नाही. तारीख दोन्ही टोकांना छापली तर कंपनीचं काय जातं?

---

निशिगंधा
लहान मुलांच्या औषधांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, मुलगी अडीच वर्षांची आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी सांगितलं की क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांच्या मिश्रणाच्या सर्दीच्या औषधावर "चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये" असं छापा. आमच्या घरात त्यानंतर आलेली एक बाटली होती, तिच्यावर हे वाक्य शोधून सापडलं नाही. मी ती दुकानात परत नेऊन दिली. चौथ्या वर्षापर्यंत मीठपाणी, वाफ आणि डॉक्टर, एवढंच.

दुसरं ओआरएसचं, म्हणजे जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या पाण्याचं. जुलाब झाले की आपण दुकानात "ओआरएस द्या" म्हणतो आणि हातात येतं ते साखरेचं गोड पेय, नावात मात्र ही तीन अक्षरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम आहे. जास्त साखरेनं जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यासाठी काही वर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली. एका बाईनं चिकाटीनं लावून धरलं म्हणून तीन अक्षरं बाटलीवरून उतरली. इथं लिहून काय होणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवा.

---

आप्पा_सातारकर
निशिगंधा, फार चांगलं लिहिलंत. पण लेबलनं सगळं साधत नाही हेही बघा. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या मुलांचा ज्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपनं २०२५ मध्ये जीव घेतला त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होतं, तामिळनाडूच्या तपासणीत ४८.६ टक्के. ते लेबलवर कुठून असणार? १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून हेच विष गेलं आणि चौदा माणसं दगावली. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, अहवाल आला. आम्ही तेव्हा वर्तमानपत्रात रोज त्या साक्षी वाचायचो. एकोणचाळीस वर्षांनी तेच विष, त्याच वाटेनं.

---

परिचारिका_मेघा
आप्पा, अगदी खरं. तरी एक गोष्ट लेबलनंच केली. आपल्या एफडीएनं कोल्ड्रिफच्या एसआर-१३ या बॅचबद्दल इशारा दिला तेव्हा लोकांनी घरातल्या बाटल्या काढून बॅच नंबर ताडून बघितले. आमच्या ओपीडीत दोन आया बाटली हातात घेऊनच आल्या होत्या. नंबर पुसट असता तर काय बघितलं असतं? म्हणून मी सगळ्यांना सांगते, औषध संपेपर्यंत खोकं टाकू नका. आणि औषधानं वेगळा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ वर कळवा. हा औषधांच्या दुष्परिणामांसाठीचा सरकारी क्रमांक आहे, पेशंटही कळवू शकतो.

---

वऱ्हाडी_ठेचा
क्यूआर कोड असतो ना आता? मोबाईल धरला की सगळं दिसते म्हणे.

---

लीड्सकर
सगळं नाही दिसत. ऑगस्ट २०२३ पासून भारतात ३०० ब्रँडवर तो सक्तीचा झाला, परिशिष्ट एच-२ म्हणतात त्या यादीला. मूळ नाव, ब्रँड, उत्पादक, बॅच, तारखा, परवाना क्रमांक एवढं मिळतं. औषध खरं की बनावट हे ताडायला उपयोगी. कसं घ्यायचं, कुणी घेऊ नये हे त्यात असायलाच हवं असं बंधन नाही. खरं तर मराठी माहिती द्यायला याहून सोपी जागा नाही. पाकिटावर जागा नाही ही कंपन्यांची सबब तिथं चालत नाही.

---

आप्पा_सातारकर
आणि ज्याच्याकडे साधा फोन आहे त्यानं? पाकिटावर एक ओळ देवनागरीत हवीच.

---

नाशिकचा_फिजिशियन
राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतच २२ भाषा. गोळी एका कारखान्यात छापतात, जाते सगळीकडे. एक ओळ कोणाची?

---

वकीलबाई
डॉक्टर, अशक्य नाही. आयुर्वेदिक औषधांचा नियम १६१ बघा. ज्यांत परिशिष्ट ई-१ मधली विषारी द्रव्यं आहेत त्यांवर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्या" हा इशारा इंग्रजी आणि हिंदी दोन्हींत छापावा लागतो. म्हणजे एकाच नियमावलीत बचनाग या विषारी वनस्पतीच्या औषधाला दुसरी भाषा आहे आणि वॉरफॅरिनला नाही. राज्यनिहाय भाषा पाकिटावर अवघड असेल, पण खोक्यावर आणि क्यूआरमध्ये जमू शकतं.

---

पेन्शनर_पद्माकर
मी जनऔषधी केंद्रातून बीपी आणि शुगरच्या गोळ्या घेतो. २००८ पासून ही योजना आहे, पण आमच्या भागात केंद्र उशिरा आलं. पाकीट साधं पांढरं, त्यावर मूळ नावच ठळक, दुसरं नाव नाही. सुरुवातीला मला ओळखीचं काहीच दिसेना. मुलीनं एका पुठ्ठ्यावर दोन रकाने करून दिले, डावीकडे चिठ्ठीवरचं नाव, उजवीकडे आतलं. आता चिठ्ठी बघूनच मी आतलं नाव सांगतो. आमच्या कट्ट्यावर सगळे माझ्याकडून वाचून घेतात. एक-दोघांना एकच गोळी दोन नावांनी चालू आहे हे त्यातूनच कळलं आणि ते आपापल्या डॉक्टरांकडे गेले. सावनीताई, तुमच्या सासऱ्यांसारखी घरं कमी नाहीत.

---

सावनी_क
सगळ्यांचे मनापासून आभार. पद्माकर काकांचा पुठ्ठा मी आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी करायला घेतेय.

माझं पहिलं मत डॉक्टरांमुळे थोडं बदललं. ब्रँड राहू दे, आकडीच्या पेशंटचं म्हणणं पटलं. पण मूळ नाव नुसतं मोठं नको, वाचता येईल असं हवं.

काही जणांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारलं की पुढे काय. निवेदन पाठवूया का? कुणाला पाठवायचं?

---

वकीलबाई
नियम बदलणं केंद्राच्या हातात आहे. आरोग्य मंत्रालय आणि औषध तांत्रिक सल्लागार मंडळ यांच्या नावे लिही. प्रत राज्याच्या एफडीएला, कारण परवाने तेच देतात. मसुदा इथंच टाक.

---

सावनी_क
हा कच्चा मसुदा. मूळ नाव एकसंध गडद किंवा पांढऱ्या पट्टीवर छापावं, चमकत्या फॉइलवर नाही. खोक्यावर मूळ नाव त्या राज्याच्या भाषेत आणि ब्रेलमध्ये असावं. सर्व राज्यांच्या परवान्यांमधली ब्रँडनावं एका ठिकाणी असावीत आणि नवं नाव परवाना देणाऱ्यानं स्वतः ताडून बघावं, अर्जदाराच्या हमीवर सोडू नये. डिस्चार्जच्या कागदावर प्रत्येक ब्रँडशेजारी मूळ नाव सक्तीचं असावं.

---

मिरजेचा_मेडिकलवाला
बॅच आणि एक्स्पायरी पाकिटाच्या दोन्ही टोकांना, हे राहिलं.

---

निशिगंधा
मुलांच्या औषधांवर वयाचा इशारा पुढच्या बाजूला, मागे बारीक अक्षरात नको.

---

नाशिकचा_फिजिशियन
तीन किंवा जास्त औषधांच्या गोळ्यांना दिलेली सूट काढा, हेही घाला. बीपी-शुगरच्या पेशंटला नेमक्या त्याच गोळ्या दोनदा दिल्या जातात. माझी सही धरा, आमच्या शाखेतल्या इतर डॉक्टरांनाही विचारतो.

---

सावनी_क
तिन्ही मुद्दे घातले. रविवारपर्यंत दुरुस्त्या सुचवा, सोमवारी पाठवते. अंतर्नाद, ब्रेलचा परिच्छेद तुम्ही लिहून द्याल का?

---

अंतर्नाद
देतो. आज रात्रीच पाठवतो.